गिरणगावाच्या वारसा दालनात गावाकडची माणसे कुठे आहेत?

प्रति,
गिरणगावातील चाळींचा पुनर्विकास आणि त्यासोबत होणारे वारसा दालन यांविषयी निर्णय घेणारे सर्व मान्यवर,
मुंबई.

सविनय नमस्कार.

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचा आराखडा नुकताच रहिवाशांपुढे मांडण्यात आला. तळमजल्यावर एक ‘औद्योगिक वारसा दालन’ होणार हे ऐकून मला मनापासून आनंद झाला होता. मग दालनात काय असणार याची यादी हातात आली. वाफेच्या इंजिनाचे चाक, एक जुना साचा म्हणजे कापड विणायचा माग, भोंग्याची प्रतिकृती, गिरण्यांच्या संस्थापकांची तैलचित्रे आणि कोणती गिरणी कोणत्या साली उभी राहिली याची सनावळी. कामगारांच्या वाट्याला एक फलक आला आहे. गावांकडून आलेल्या लोंढ्यांमुळे शहराच्या सोयींवर ताण पडला आणि वस्ती बकाल झाली, असे त्याच्या मसुद्यात लिहिले आहे.

त्याच बैठकीत आमच्या गावकीच्या खोलीचा, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेल्या आणि ग्रामस्थ मंडळ सांभाळते त्या खोलीचा, प्रश्नही एका वाक्यात निकालात निघाला. भाडेपावती ज्याच्या नावावर, त्याचे वारस पात्र. ग्रामस्थ मंडळ नावाचा कोणी भाडेकरू नोंदीत नाही, तेव्हा मंडळाने आपले सामान हलवावे.

आपल्या लेखी हे दोन निर्णय वेगळे असतील, कारण त्यांच्या फायली वेगळ्या आहेत. मला मात्र ते एकच दिसतात. ज्यांनी हे शहर चालते केले त्यांना भिंतीवर ‘ताण’ म्हणून टांगायचे आणि त्यांनी उभी केलेली संस्था नोंदीत नाही म्हणून पुसून टाकायची, हे मला गप्प राहून मान्य करता येत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमक्ष.

माझा याच्याशी संबंध काय, ते सांगते. माझे आजोबा राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून बोटीने मुंबईला आले. धक्क्यावरून ते थेट गावकीच्या खोलीत गेले, तिथे वळकटी टाकली आणि गाववाल्याच्या ओळखीने गिरणीत बदली म्हणून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर, लागले. पुढे साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, कायम झाले. त्यांची धाकटी बहीण नवरा गेल्यावर मुलाला आजोळी ठेवून मुंबईला आली आणि रिळिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात, लागली. माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत त्याच गिरणीत होते. मंडळाचे चिटणीसपद बरीच वर्षे त्यांच्याकडे असल्यामुळे जुन्या वह्यांची ट्रंक आज माझ्या घरी आहे. मी जे लिहिते आहे ते त्या वह्या वाचून, आणि या शहराचा जो इतिहास सर्वांना खुला आहे तो ताडून पाहून.

पहिली तक्रार त्या फलकाबद्दल आहे, आणि ती मला सविस्तर मांडावी लागेल.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली, हे आपल्या सनावळीत आहेच. पण ती गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या चालवायला हात कुठून आले? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबई फुगली. युद्ध संपताच बाजार कोसळला. १८६४ मध्ये शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर मोजली गेली होती, ती १८७२ मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आली. काम होते तेव्हा माणसे आली आणि काम नव्हते तेव्हा ती परत गेली. या शहराला माणूस लागेल तेव्हा मिळाला आणि नको तेव्हा आपल्या पायांनी निघून गेला. त्याच्या मधल्या काळातल्या पोटाची, आजारपणाची आणि म्हातारपणाची जबाबदारी गावाने उचलली. ताण कोणी कोणावर टाकला, हा प्रश्न फलक लिहिणाऱ्यांना पडायला हवा होता.

घरांचेही तेच. गिरणीमालकांनी यंत्रे आणली, शेड बांधल्या, धुराडी उभारली. घरे बांधण्याचे काम बहुतेकांनी आपले मानले नाही. ते खासगी घरमालकांवर सोडले आणि घरमालकांनी एका खोलीत जितकी माणसे मावतील तितकी कोंबून भाडे वसूल केले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे निदान झाले, तेव्हा या कोंदट खोल्यांची किंमत सगळ्या शहराने मोजली. काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. गिरण्या बंद पडायची वेळ आली, तेव्हा एरवी महिना उलटून गेल्यावरही पगार थकवणारे मालक रोजचा रोज पैसे मोजायला तयार झाले. रस्त्याच्या नाक्यावर मजुरांसाठी चढाओढीने बोली लागली. त्या काही आठवड्यांत या माणसांची खरी किंमत शहराला कळली होती. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, १९२० मध्ये बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या गेल्या. म्हणजे सरकारला घरांचा विचार करायला लागला तो गिरण्या सुरू झाल्यानंतर चार दशकांनी आणि साथीने हजारो माणसे नेल्यावर. बकालपणा गावाहून ट्रंकेत भरून आला नव्हता.

दुसरी तक्रार थोडक्यात. माणसे मुंबईला का आली, याबद्दल आपल्या आराखड्यात एक ओळही नाही. रत्नागिरीच्या कातळावर पावसाचे एक भातपीक, त्यात खोताचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, वाटा आणि वर वेठ. घाटावर सावकाराचे कर्ज आणि १८७६ ते ७८ चा, मग १८९६ नंतरचा दुष्काळ. शहराच्या झगमगाटाला भुलून कोणी येत नव्हते. खोताची बाकी भरायला रोख पैसा लागायचा आणि तो फक्त मुंबईत मिळायचा. कोकणात रेल्वे पूर्णपणे पोचायला १९९८ साल उजाडले. तोवर बोट आणि नंतर एसटी. त्या बोटींचा प्रवास किती बेभरवशाचा होता हे १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीने दाखवले. सहाशेहून अधिक माणसे बुडाली, आणि त्यांतली बरीच सणाला घरी निघाली होती. आमच्या गावातल्या जुन्या बायका पुढे कितीतरी वर्षे पावसाळ्यात बोटीचे नाव काढू देत नसत.

आता गावकीच्या खोलीबद्दल. ही माझी तिसरी आणि सगळ्यांत मोठी तक्रार.

१९२१ च्या खानेसुमारीत मुंबईतल्या दर शंभर माणसांमागे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. सुमारे पाचवा हिस्सा एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातला, ज्यात तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही होता. हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम सव्वापाचशे. हे आकडे नुसते वाचले तर एका बेघर, बेशिस्त जमावाचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तसे झाले नाही, आणि का झाले नाही याचे उत्तर या खोलीत आहे.

एका गावची, एका वाडीची माणसे मिळून खोली घेत. भाडे सगळ्यांत वाटले जाई. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर अंग टाकी. उरलेले गॅलरीत, जिन्यात, उन्हाळ्यात रस्त्यावर. भिंतीला प्रत्येकाची एक खुंटी, फळीवर प्रत्येकाची एक ट्रंक. जेवण खाणावळीत किंवा पाळीपाळीने चुलीवर. एवढे बहुतेकांना ठाऊक असते, कारण चाळीवरच्या आठवणींत ते येते. वह्यांत त्यापुढचे आहे. कोणी किती वर्गणी दिली, कोणाची राहिली, आजारी पडलेल्याला गावी पोचवायला बोटभाडे किती दिले, मेलेल्याच्या क्रियाकर्माला किती लागले, देवळाच्या छपराला किती पाठवले, दारू पिऊन भांडण केल्याबद्दल कोणाला किती दंड झाला. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, हिशेबतपासनीस. सभेचा वृत्तांत, त्याखाली सह्या आणि ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे. नोकरी मिळवून द्यायला जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, दस्तुरी म्हणजे लाच मागायचा, कधी खोलीही त्याचीच असायची आणि कर्जही त्याचेच. त्या माणसाच्या मुठीतून थोडे तरी सुटता यावे म्हणून गाववाल्यांनी ही व्यवस्था उभी केली. कामाची हमी नाही, घराची नाही, औषधाची नाही, अशा शहरात हा एकच विमा होता आणि तो त्यांनी स्वतः, स्वतःच्या पैशाने काढला होता.

गावाशी नाते तोडत नाहीत म्हणून हे कामगार कच्चे आहेत, असे गिरणीमालक म्हणत आले. शिमग्याला जातात, पेरणीला जातात, मस्टरवर खाडे पडतात. पण १९२८ चा सर्वसाधारण संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चालला तो कशाच्या जोरावर? दोन साच्यांच्या जागी तीन साचे चालवा, या सक्तीविरुद्ध दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले अनेक गावी गेले. तिथे निदान पेज-भात होता, आणि मुंबईत राहिलेल्यांची खाणावळ आणि भाडे गावकीने थोपवून धरले. मालकांना जी गोष्ट कच्चेपणा वाटत होती तिनेच त्यांना सहा महिने रोखले. त्याच वर्षी गिरणी कामगार युनियन, लाल बावट्याची, उभी राहिली आणि तिच्या गिरणी कमिट्यांत जी माणसे निवडून आली ती सभा घेणे, वर्गणी गोळा करणे आणि हिशेब देणे गावकीच्या खोलीत शिकली होती.

हा मुद्दा मला दालनात पाहायचा आहे. मुंबईच्या सार्वजनिक आयुष्याची ‘मंडळ’ ही जी रीत आहे, ती या खोल्यांत रुजली. मी असे म्हणत नाही की सगळे इथेच जन्मले. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झाला, त्याचे मूळ वेगळे आहे. पण तो लालबाग-परळात आला आणि बदलला. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेश गल्लीचे १९२८ चे, लालबागच्या राजाचे १९३४ चे. संपांच्या आणि मंदीच्या या वर्षांत, महिन्याकाठी मोजका पगार घेणाऱ्या माणसांनी, बाजारात बसणाऱ्या कोळी-विक्रेत्यांनी आणे-आणे काढून हे उत्सव बसवले. तालमी, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, डबलबारीची भजने, नमन, शक्ती-तुरा, सिंधुदुर्गाचा दशावतार, घाटावरचा तमाशा, हनुमान थिएटरबाहेरची गर्दी, दामोदर हॉलमधली कामगारांची नाटके. गावात वर्षातून एकदा जत्रेला जे व्हायचे ते इथे आठवड्याला होऊ लागले, कारण आता सुट्टीचा एक ठरलेला वार होता. तो वारही कोणी दान दिला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून, अर्ज करून, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आज या शहरातला प्रत्येक नोकरदार ज्या रविवारी उशिरापर्यंत झोपतो, तो गिरणी कामगारांनी मिळवलेला आहे. आपल्या सनावळीत ही तारीख नाही.

राजकारणाचे मी लांबवत नाही. लोकमान्य टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवणारे हेच. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला परदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवा झालेला बाबू गेनू पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणीत काम करणारा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगावातून किती माणसे रस्त्यावर उतरली ते नव्याने सांगायला नको.

चौथी तक्रार स्त्रियांची आहे. यादीत एकही स्त्री नाही, तैलचित्रांत नाही आणि फलकावरही नाही. रिळिंग आणि वाइंडिंग या खात्यांत हजारो स्त्रिया होत्या, त्यांच्यावर नायकीण म्हणजे स्त्री मुकादम असे, आणि मूल तान्हे असले तरी पाळी चुकत नसे. प्रसूतीच्या रजेत भत्ता देणारा कायदा मुंबई प्रांतात १९२९ मध्ये झाला. पुढे गिरण्यांनी हळूहळू बायकांची संख्या कमीच केली. गिरणीच्या बाहेर ज्या स्त्रियांनी खाणावळी चालवल्या त्यांची तर कुठेच नोंद नाही. एकट्या पुरुषांचे हे शहर जेवत होते ते आठ-दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक एका खोलीत करणाऱ्या बायकांच्या हातचे. पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घालायचे, त्यासाठी वाण्याकडे स्वतः उधारी करायची आणि संप लांबला की दोन्हीकडून अडकायचे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले तेव्हा पहिल्यांदा या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. आणि जी बाई गावी राहिली, जिने मनीऑर्डरची वाट पाहत शेत लावले, सासू-सासरे सांभाळले, खोताशी वाद घातला, तिचेही या शहरावर ऋण आहे. माझी आजी त्यांतली. तिच्या कष्टामुळे आजोबांचा पगार गिरणीमालकाला कमी ठेवता आला. हे कटू आहे, पण हिशेब असाच होता.

पाचवी गोष्ट तक्रारीपेक्षा आग्रह म्हणून लिहिते. गावकीचे मी इतके कौतुक केले, पण दालनात तिची आरती होऊ नये. गावाबरोबर जातही शहरात आली. खोल्या जातवार होत्या. गिरणीत दलित कामगारांसाठी पाण्याचे भांडे वेगळे असे. धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला, धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो, असे म्हणून साचाखात्याची चांगल्या पगाराची कामे त्यांना नाकारली जात. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. ते स्वतः परळच्या बीआयटी म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दीर्घकाळ राहिले, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार ज्या सभेत झाला ती ९ मार्च १९२४ ची सभा याच भागातल्या दामोदर हॉलमध्ये भरली होती. माझे आजोबा साचाखात्यात होते. ती जागा दलित कामगारांना मिळत नव्हती म्हणून त्यांच्यासारख्यांना सहज मिळाली, हे आमच्या घरातही कोणी कधी बोलले नाही. दालनात ते स्पष्ट लिहिलेले असावे.

आणि यातूनच पुढचे घडले ते सांगितल्यावाचून ही गोष्ट अर्धी राहते. शहरात आलेला माणूस नुसता पैसे पाठवत नव्हता. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांनी विधिमंडळावर मोर्चा नेला. त्या शेतकऱ्यांचे भाऊ आणि मुलगे गिरणगावात होते. त्यांनीच जागा दिली, भाकरी दिली आणि मोर्च्यात पाय मिळवले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध संप झाला, त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्याने. ज्या खोताच्या बाकीपायी माणसे मुंबईला आली, त्याची सत्ता मोडायला मुंबईतल्या त्यांच्या संघटनेचा हात लागला. शहराने गाव बदलले आणि गावाने शहर. आपल्या फलकात मात्र बाण एकाच दिशेने जातो, आणि तोही आरोपाचा आहे.

सहावी तक्रार जमिनीची. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी केला. त्यानंतर गिरण्या बंद होत गेल्या. १९९१ च्या विकास नियमांत गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेला आणि एक सार्वजनिक घरांना देण्याची तरतूद होती. २००१ मध्ये त्यात असा बदल झाला की हिशेबात फक्त रिकामी जमीन धरली गेली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. निकाल झाला आहे, त्यावर मी इथे वाद घालत नाही. पण जमीन गेली, काम गेले, आता चाळी जात आहेत. निदान हे सगळे कोणी उभे केले याची खरी नोंद तरी मागायचा आम्हाला अधिकार आहे.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे इथे स्पष्ट करते. सामाईक संडासाच्या रांगेत, गळक्या छपराखाली आणि टेकू लावलेल्या गॅलरीत ज्यांनी आयुष्य काढले त्यांना स्वतःचे नीट घर मिळायलाच हवे. चाळीच्या आठवणी काढून हळहळणाऱ्यांतली मी नाही. मागते आहे ते असे.

एक. कामगारांविषयीच्या फलकाचा मसुदा मागे घ्यावा. नवा मजकूर लिहून तो छापण्यापूर्वी रहिवाशांसमोर आणि वर्तमानपत्रांत जाहीर करावा.

दोन. दालनातली सनावळी गिरण्यांच्या स्थापनेपुरती ठेवू नये. प्लेग, रविवारची सुट्टी, १९०८, १९२८, १९३८ आणि १९८२ चे संप, प्रसूती भत्त्याचा कायदा आणि खोती निर्मूलन हे तिच्यात असावे.

तीन. पाडकाम सुरू होण्याआधी एक गावकीची खोली तिच्या गॅलरीसकट, खुंट्या-फळ्यांसकट मोजून, छायाचित्रे घेऊन, सुटी करून दालनात पुन्हा उभारावी. शेजारी एक खाणावळीची खोलीही असावी.

चार. ग्रामस्थ मंडळांच्या खोल्यांची स्वतंत्र पाहणी व्हावी. मंडळे नोंदीत नाहीत हा त्यांचा गुन्हा नाही. भाडेपावती एकाच नावाने फाडायची पद्धत त्यांनी घातली नव्हती. पावतीधारकाच्या वारसांचा हक्क तसाच ठेवून, नव्या इमारतींत मंडळांना सामाईक वापराची जागा द्यावी. गावाहून उपचाराला, परीक्षेला, मुलाखतीला आलेली माणसे आजही या खोल्यांत उतरतात. हा निर्णय होईपर्यंत कोणत्याही मंडळाकडून खोली रिकामी करून घेऊ नये.

पाच. मंडळांच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, गिरणीची तिकिटे, पगाराच्या चिठ्ठ्या, संपाची पत्रके, उत्सवांच्या अहवालपुस्तिका यांचे चाळीतच स्कॅनिंग करावे. मूळ कागद मालकाला परत द्यावेत आणि प्रती कोणालाही वाचता येतील अशा ठेवाव्यात. खोल्या रिकाम्या होतात तेव्हा हे कागद सगळ्यांत आधी रद्दीत जातात.

सहा. १९८२ चा संप पाहिलेली माणसे आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम दालनाच्या बांधकामाची वाट न पाहता सुरू करावे, आणि ते फक्त मुंबईत करू नये. अर्धी माणसे गावी परतली आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर इथे जाऊन त्यांना भेटावे.

सात. दालनाच्या सल्लागार समितीत वास्तुविशारदांबरोबर गिरणी कामगार, रिळिंग-वाइंडिंगमध्ये काम केलेल्या स्त्रिया, खाणावळ चालवलेल्या स्त्रिया, दलित कामगारांची कुटुंबे आणि ग्रामस्थ मंडळे यांचे प्रतिनिधी असावेत. उत्तरेतून आलेले मदनपुऱ्याचे विणकर आणि तेलुगू विणकर यांनाही त्यात स्थान हवे. गिरणगाव एकट्या कोकणाचे कधीच नव्हते.

या मागण्यांना लेखी उत्तर मिळावे. आमच्या मंडळाच्या वह्या मी पाचव्या मागणीसाठी आजच द्यायला तयार आहे. आपण माणूस आणि यंत्र पाठवा, ट्रंक मी उघडून देईन. चाळीतल्या इतर मंडळांशीही बोलणे झाले असून त्यांचीही तयारी आहे. पुढच्या रहिवासी बैठकीत हे पत्र वाचून दाखवले जाईल आणि त्यावर सह्या घेतल्या जातील. त्या बैठकीला आपल्यापैकी निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या कोणीतरी उपस्थित राहावे, ही विनंती.

कळावे,
आपली,
गिरणगावातील एक रहिवासी आणि गिरणी कामगारांची नात